लाल टाक्यांची गादी

साल दोन हजार बारा. मी बहात्तर वर्षांचा. एका हौशी मालकानं लष्करात वैमानिकांना शिकवायचं एक जुनं विमान घेतलं होतं. तसली दोन सीटची विमानं पुष्कळ होती, एका सीटची मोजकीच बनली. त्याचं दोन सीटचं होतं, पण मागची सीट काढून त्याला ती दुर्मिळ जात करून हवी होती. हातानं पत्रा ठोकणारा मीच उरलेला, म्हणून मला बोलावलं.

मागची सीट काढताना गादीवर लाल टाके दिसले. नोकरीत असताना हेच विमान आमच्या लष्करी वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला यायचं. तिथला रिवाज होता, ज्यानं दुरुस्ती केली त्यानं पहिल्या उड्डाणाला मागं बसायचं. ही गादी फाटली तेव्हा मी घरी नेली होती. हिरवा दोरा संपला म्हणून माझ्या बायकोनं, शांतानं, लाल घातला. "पडलात कुठं, तर गादीवरून तरी ओळखीन," म्हणाली नि हसत सुटली. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"काका, ते भंगारात टाका," मालक म्हणाला.

मागावीशी वाटली. पण आजवर कुणापुढं हात पसरला नव्हता. गुमान टाकली. संध्याकाळी भंगारवाला घेऊन गेला. मी मोकळ्या जागेवर पत्रा बसवून रिवेट मारले. काम चोख झालं.

"आता कसं दुर्मिळ दिसतंय!" मालक म्हणाला.

एकटं असण्यात एवढं दुर्मिळ काय, मला कळलं नाही. आमच्या गल्लीत तसे चार म्हातारे रोज ओट्यावर बसलेले असतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी भंगारवाल्याच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, एक मागतो, नाही म्हणू नकोस."