कणसाच्या वड्यांचं विधेयक

मुलगी पाचवीत असताना तिच्या वर्गाने एक कायदा करायचं ठरवलं. आमच्या प्रांताला अधिकृत फूल आहे, पक्षी आहे, झाड आहे. अधिकृत खाद्यपदार्थ मात्र नाही. तो मुलांनी सुचवायचा, विधेयक लिहायचं, सगळ्यांना चव द्यायची आणि मग मतदान. बाईंची अट एकच होती, पदार्थ इथल्या मातीतला हवा. मिसिसागाच्या त्या वर्गातली निम्मी मुलं कुठून कुठून आलेली, तरी बहुतेकांनी बटर टार्ट, म्हणजे लोणी, साखर आणि बेदाणे भरलेली छोटी पेस्ट्री, लिहून दिलं. माझ्या मुलीनेही.

मी बेदाण्यांचा पुडा काढून तिच्यासमोर ठेवला. कॅलिफोर्नियाचे, म्हणजे सरहद्दीपलीकडचे. हे कसं चाललं, असं विचारलं तर तिने खांदे उडवले.

मला भांडायला कारण लागत नाही असं नवरा म्हणतो. या वेळी कारण होतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही शहराबाहेरच्या शेतावरून पिशव्या भरभरून कणसं आणतो. ती किसून वडे तळायचे ही नागपूरच्या माझ्या आईची रीत. कणीस इथलं, कांदा इथला, कोथिंबीर आमच्याच बॅकयार्डमधली, कणीक इथल्या गव्हाची. मीठसुद्धा इथल्याच एका मोठ्या तळ्याखालच्या खाणीतलं. हळद तेवढी सांगलीची. एवढा एखादा पाहुणा सगळ्यांच्याच घरी असतो.

टार्टऐवजी हेच वडे सुचव, असं मी मुलीला सांगितलं. "आई, दे विल लाफ," ती म्हणाली. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचं वड्यांचं विधेयक लिहून झालं होतं.

मग बाईंची चिठ्ठी आली. कल्पना फार छान आहे, पण हे वडे मल्टिकल्चरल डेच्या, देशोदेशींच्या पदार्थांच्या टेबलासाठी राखून ठेवावेत का? माझं डोकं फिरलं. त्या टेबलामागे मी दोन वर्षं साडी नेसून समोसे वाटत उभी होते. आमच्या घरी समोसे कधी होतही नाहीत, पण तिथे तेच खपतात. मी उलट लिहिलं की कणीस तुमच्याच शेतातलं आहे, ते कुणाच्या कढईत पडलं यावरून परकं होत नाही. बाई भल्या होत्या. आणा, चव बघून ठरवू, असं त्यांनी कळवलं.

नेमके त्याच आठवड्यात घरी गणपती बसलेले. सकाळी उठून वडे तळले, त्यातलेच पाच नैवेद्याला ठेवले आणि बाकीचे डब्यात भरून शाळेत गेले. नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्याकडे कुणी जिभेला काही लावत नाही. नंतर चाखायला वेळ नव्हता.

पालकांना मागे बसायची परवानगी होती. वडे वाटले गेले. पहिल्या बाकावरच्या मुलीने एक घास घेतला आणि उरलेला वडा हळूच नॅपकिनमध्ये गुंडाळला. तिच्या शेजारच्यानेही तेच केलं. मी एक तुकडा तोंडात टाकला. मीठच नव्हतं. एवढं भांडून आणलेल्या वड्यांत मी मीठ घालायला विसरले होते. आपलंच नाणं खोटं, बोलणार कुणाला?

बाईंनी गोड आवाजात विचारलं, मग आपण हे त्या दुसऱ्या टेबलावर ठेवू या का? त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, चिठ्ठीत तलवार उपसणारी बाई, लाजेने मान हलवणारच होते. खरं सांगते, हलवणारच होते.

मुलगी उभी राहिली. कान लालबुंद झाले होते. इंग्रजीत, पण एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "माझी आई मीठ घालायला विसरली. ते मीठही इथलंच आहे. मी बिल मागे घेत नाही."

मतदान झालं. टार्ट जिंकलं. आमच्या बाजूने दोन हात वर झाले, एक तिचा आणि एक खिडकीजवळच्या मुलीचा. मला मत नव्हतं, तरी मी हात वर केला. बाईंनी तो मोजला नाही. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते त्या दिवशी आम्ही दोघींनी करून दाखवलं. तिचं विधेयक, नामंजूर असा शेरा असलेलं, आमच्या फ्रीजवर कितीतरी वर्षं होतं.

मल्टिकल्चरल डेचं बोलावणं पुढेही येत राहिलं. मी परत गेले नाही. जे इथलं आहे ते पाहुणं म्हणून मांडायला मला वेळ नाही, असं एकदा तोंडावर सांगितलं.

त्या दिवशी शाळेतून मी मुलीला गाडीतून घरी आणत होते. एरवी माझ्या मराठीला तिचं उत्तर इंग्रजीत असायचं. घराच्या वळणावर आल्यावर ती मराठीत म्हणाली, "पुढच्या वेळी बाप्पाचे वडे आधी बाजूला काढ. मग तू चाखून बघ."