कोरड्या हौदाशेजारी

माझं सरकारी क्वार्टर तळमजल्यावरचं, कॉलनीच्या बागेला लागून. ते मिळालं तेव्हा ऑफिसातली एक जण म्हणाली होती, "ले लो, फव्वारे के सामने है, लोग तरसते हैं।" ते कारंजं उडताना मी एकदाही पाहिलं नाही. पाहिला तो नुसता हौद, मोठा, गोल, बशीसारख्या उतरत्या कडांचा, मधोमध गंजका पाइप. पुढे तो पाइपही कुणीतरी कापून नेला आणि सिमेंटची कोरडी बशी उरली. हिवाळ्यात तिच्यात कुत्री ऊन खात पडायची.

आई माझ्याकडे होती तोवर हौदाकडे बघायला वेळ नव्हता. मग दिल्लीची थंडी तिच्या गुडघ्यांना सोसेना. भाऊ आला आणि तिला सोलापूरला घेऊन गेला. मी लग्न केलेलं नाही. ती गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात रडण्यासारखं काही नाही. पण आई गेली आणि घर असं गप्प झालं की फ्रिज चालू-बंद झालेला ऐकू यायला लागला.

लोकांना शांततेचं फार कौतुक. मला नाही. सोलापुरात आमच्या खोलीची आणि यंत्रमागाच्या शेडची भिंत एकच होती. वडील पलीकडे टॉवेल विणायचे, आई अलीकडे सुताच्या कांड्या भरायची. भिंत दिवसभर थरथरायची आणि फळीवरचे डबे किणकिणत असायचे. त्या आवाजात मी बारावी केली, बी.कॉम. केलं, केंद्र सरकारच्या भरतीचा अभ्यास केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माग थांबले की वडील दारात येऊन बसायचे. वीज गेलेली असायची, नाहीतर सूत संपलेलं, नाहीतर मालकाकडे काम नसायचं. शांततेतून कधी चांगली बातमी आल्याचं मला आठवत नाही.

आई सोलापूरला गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी पीठ मळत होते आणि बाहेरून घर्रर्र असा आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही. मग थाड. खिडकीतून पाहिलं तर चार-पाच पोरं हौदात उतरलेली, पायाखाली चाकांच्या फळ्या. एका काठावरून सुटायची, तळातून सुसाट जायची, समोरच्या काठावर चढायची आणि तिथून परत. स्केटबोर्ड मला ऐकून माहीत होता. आमच्या साहेबांच्या मुलाचा हात त्याच्यावरूनच मोडला होता.

पोरं रोज यायला लागली. माझं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर. सुटून, मेट्रोत उभं राहून, स्टेशनापासून चालत घरी पोचून हातपाय धुवेपर्यंत अंधारायला लागायचं. बागेतले दिवे लागलेले असायचे आणि त्या दिव्यांत पोरांचं चालूच असायचं. मी खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक करायला लागले. हळूहळू न बघता कळायला लागलं. घर्रर्र, शांत, मग एकच थाड, म्हणजे जमलं. घर्रर्र, शांत, मग दोन आवाज, आधी फळीचा आणि मग माणसाचा, म्हणजे पडलं. मागोमाग एक शिवी.

त्यांच्यातलं कुणीतरी रोज एकच उडी करून बघत होतं. उजवीकडच्या काठावरून सुटायचं आणि रोज दोन आवाज यायचे. मी भाकरी थापता थापता म्हणायची, "अरे, पाय उचल की." पोरगा आहे की पोरगी, तेही मला ठाऊक नव्हतं. कोण ते खिडकीतून दिसलं असतं, पण हात पिठात आणि तवा तापलेला. खरं सांगायचं तर मला बघायचं नव्हतंच. ऐकत राहिलं की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

आणि एका संध्याकाळी त्या बाजूने एकच थाड आला.

माझा हात थांबला. बाहेर सगळ्या पोरांनी आपापल्या फळ्या सिमेंटवर आपटायला सुरुवात केली, खट खट खट खट. टाळ्यांच्या जागी ते हेच करतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी शेजारी माग सुरू झाल्यासारखं वाटलं. मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले.

"कोण होतं?" घाईत मराठीतच विचारलं.

हेल्मेट घातलेली एक किडकिडीत मुलगी पुढे आली. कोपर सोललेलं. "मी, काकू. सॉरी, आवाज खूप झाला का?"

"रोज पडायचीस ती तूच का?"

"तुम्ही बघत होतात?"

"ऐकत होते."

मागचा पोरगा म्हणाला, "आंटी क्या बोल रही हैं?"

"बोल रही हैं मैं रोज गिरती हूँ।"

"ये तो पूरी कॉलनी को पता है।"

सगळे हसले. मग तिने नाक वर करून हुंगलं. "काकू, तुमच्या घरातून काहीतरी जळण्याची स्मेल येतेय."

करपणे हा शब्द तिच्यापाशी नव्हता. जन्म दिल्लीतला. आईवडील नागपूरकडचे, वडील केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला, मागच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. मी भाकरी वाचवायला धावले, ती काही वाचली नाही.

त्यानंतर मी दारापुढच्या ओट्यावर पाण्याचा माठ ठेवायला लागले. कापूस आणि मलम आणून ठेवलं. कुणाच्या तरी घरी फरशीच्या कामातलं सिमेंट उरलं होतं, ते त्यांनी पोरांना दिलं आणि एका रविवारी पोरांनी हौदातली भेग स्वतः बुजवली. कुणाच्या आईने लिंबू सरबत पाठवलं. म्हणजे सगळी कॉलनी काही त्यांच्या विरुद्ध नव्हती. फक्त तसं मोठ्याने बोलायला कुणी तयार नव्हतं.

दसरा झाला आणि कॉलनीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी माझ्या दारात आले. निवृत्त अधिकारी, थंडी पडून स्वेटर-टोपी घालायची वाट बघणारे गृहस्थ, तसे सभ्य. खुर्चीवर बसले नाहीत.

"मैडम, आपकी परेशानी का इलाज हो गया। संडे को मलबे का ट्रैक्टर आ रहा है। हौद भर देंगे, ऊपर टाइल, बेंच, सब सुंदर।"

"मैंने कब कहा परेशानी है?"

"ऊपर वाली सिस्टर ने कंप्लेंट दी है। और आपका घर तो सबसे पास है। शनिवार की मीटिंग में बस एक बार बोल दीजिए, सबके मुँह बंद।"

"मला, मुझे कोई तकलीफ नहीं।"

ते समजुतीचं हसले. "अकेली लेडी हैं, आप कैसे बोलेंगी। हम समझते हैं।"

तेवढं वाक्य माझ्या डोक्यात गेलं. एकटी आहे म्हणून मी कधी कुणापुढे मान खाली घातलेली नाही. पण ते गेल्यावर बसले तेव्हा लक्षात आलं की बैठकीत जाऊन बोलायचं काय? की साहेब, हौद भरलात तर संध्याकाळी माझ्या घरात काही उरत नाही? हे चार माणसांत, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून, हिंदीत सांगायचं? जीव गेला तरी नाही.

मी त्या मुलीच्या घरी गेले. वडिलांना म्हटलं, तुमची मुलगी आहे, तुम्ही बोला, मी पाठीशी उभी राहते. ते दार ओढून घेऊन जिन्यात आले.

"ताई, माझं नाव नका घेऊ. सेक्रेटरी साहेब आमच्याच सेक्शनला होते, अजून ओळखी आहेत त्यांच्या. आणि हिची यंदा अकरावी. बंद झालं तर एका परीने बरंच की."

दाराच्या फटीतून ती ऐकत होती. बाप खोटं बोलत नव्हता, भीत होता. सरकारी नोकरीतली ही भीती मलाही पाठ आहे.

शनिवारी बागेत खुर्च्या मांडल्या. पोरं हौदाच्या काठावर ओळीने बसली, फळ्या मांडीवर, लग्नात वऱ्हाडापासून लांब बसवलेल्या मंडळींसारखी. सेक्रेटरींनी टाइल आणि बेंचचं सांगितलं. मग सिस्टर उठल्या. माझ्या डोक्यावर राहणारी ही बाई सरकारी इस्पितळात नर्स, केरळची, नाइट ड्यूटीवाली. जिन्यात हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"मैं सुबह आती हूँ। दोपहर में सोती हूँ," त्या म्हणाल्या. "छुट्टी में ये लोग बारह बजे से ठक ठक। मेरे को सपने में भी ठक ठक। ड्यूटी पे पेशेंट को गलत इंजेक्शन लगेगा तो कौन जिम्मेदार?"

त्यांचे डोळे खरंच सुजलेले होते. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण या बाईशी काय भांडणार? दुपारी मी ऑफिसात. माझ्या संध्याकाळी तिच्या दुपारवर उभ्या होत्या, हे मला तिथे कळलं.

"मैडम, आप?" सेक्रेटरी म्हणाले.

मी उठले आणि घरून घोकून आणलेलं बोलले. पावरलूमच्या भिंतीला टेकून शिकले, त्या आवाजात ग्रॅज्युएट झाले, आवाजाने कुणी मरत नाही. मागून एक आजोबा म्हणाले, "मैडम, आपको आदत है, हमें थोड़ी है!" सगळे हसले. माझे कान तापले. ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान, तिच्यावर लोक हसले. खाली बसणारच होते, तेवढ्यात हौदाच्या काठावर नजर गेली. कुणी हसत नव्हतं तिथे.

मग मी ऑफिसात करते ते केलं. बैठकीत कोण बरोबर हे ठरवत बसलं की काही हातात येत नाही. कुणाला काय हवं, ते एकेक विचारायचं.

"सिस्टर, आप कितने बजे उठती हैं?"

"चार।"

"और अंकलजी, आप लोग टहलते कब हैं?"

"बत्ती जलने के बाद। तब चैन चाहिए, भई। अँधेरे में कोई बच्चा ऊपर आ गया तो हड्डी हमारी टूटेगी।"

"तो चार से बत्ती जलने तक," मी म्हटलं. "उसके पहले नहीं, उसके बाद नहीं। छुट्टी के दिन भी यही।"

बोलता बोलताच मला कळलं होतं. हिवाळा तोंडावर. मी मेट्रोत असेन तेव्हाच दिवे लागणार. आठ वाजेपर्यंत म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिळलं. ओढलं असतं तर तुटलं असतं आणि रविवारी ट्रॅक्टर आला असता.

"चोट लगी तो?" सेक्रेटरींनी शेवटचं विचारलं.

"तो मेरे पास लाना," सिस्टर म्हणाल्या. मग बोट वर करून, "चार के बाद!"

या वेळी सगळेच हसले, मीही. सेक्रेटरींनी तिथूनच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. खुर्च्या उचलताना त्या मुलीचे वडील माझ्यासमोरून गेले, हात जोडल्यासारखे केले आणि थांबले नाहीत. मुलगी मात्र थांबली.

"काकू, पण तेव्हा तर तुम्ही ऑफिसात असता."

"मग? मी काय फळीवर चढणार होते?"

ती हसत पळाली. बरं झालं हसली.

तो हिवाळा लांबला. धुराचे दिवस, मग धुक्याचे. मी यायची तेव्हा हौद काळा पडलेला असायचा आणि भोवती आजोबा लोक गोल फिरत असायचे, मफलरात तोंड घालून. "मैडम, बहुत अच्छा फैसला," असं कुणीतरी रोज म्हणायचं. मी मान हलवायची. माठ भरून ठेवायचा नेम मोडला नाही. संध्याकाळी पाहिलं तर अर्धा झालेला असायचा, म्हणजे आली होती पोरं. रविवारची मी वाट बघायची, तर मुलगी म्हणाली, "संडेला आम्ही गुडगावला जातो काकू, तिकडे बांधलेला पार्क आहे, खूप स्मूथ." मी म्हटलं, जा की. त्यांचं वयच ते. हौद त्यांना सरावाला हवा होता, माझ्या सोबतीला नव्हे.

आईला फोनवर सांगितलं, बैठकीत मी बोलले, हौद वाचवला. ती म्हणाली, "मग आता बरं वाटत असंल की तुला." मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. परत वेळ आली तर मी हेच बोलेन. पण फोन ठेवल्यावर भाकरी न थापता ताटलीत दही-पोहे घेऊन बसले. एकटीसाठी तवा तापवायचा कंटाळा यायला लागला होता.

एप्रिल संपत आला तेव्हा एका संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडले तर रस्त्यावर अजून उजेड होता. माझ्या लक्षात यायच्या आधी पाय भरभर चालायला लागले. पर्स खांद्यावरून घसरत होती, साडीच्या निऱ्या पायात येत होत्या. गेटातून वळले आणि घर्रर्र ऐकू आलं. मेंदीच्या कुंपणापाशी उभी राहिले. पोरं वाढली होती. ती मुलगी आता लहान पोरांना काठावर उभं करून शिकवत होती. एका चिमुरड्याला धरून तिने सोडलं, तो तळापर्यंत गेला आणि बसकण मारली.

तेवढ्यात बागेतले दिवे लागले.

"बच्चो, बत्ती!" सेक्रेटरी बाल्कनीतून ओरडले. पोरांनी कुरकुर न करता फळ्या उचलल्या. जाता जाता नमस्ते आंटी, नमस्ते आंटी झालं. मुलगी माझ्यापाशी येऊन थबकली.

"काकू, आज लवकर?"

"मी रोजच्याच वेळेला आले," मी म्हटलं. "दिवस मोठा झालाय."