ओट्याखालचा ब्रेक

आमच्या शेजारचे शिर्केभाऊजी घरात मोटार चालवायला बसताना आधी बूट घालायचे. हॉलमध्येच, टीव्हीसमोर! लुंगी, बनियन आणि पायात रेल्वेतले काळे बूट. वर मलाच ऐकवायचे, "सुमनवहिनी, अनवाणी चालवणं नियमात बसत नाही."

सारा जन्म इथे बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात वायरी जोडण्यात गेला त्यांचा. निवृत्तीनंतर चक्कर यायला लागली, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. महिनाभर बिचारे ती नुसती पुसत बसले. मग मुलीनं शर्यतीचा खेळ पाठवला: हातात स्टिअरिंग, पायाशी पेडलं, समोर पडदा. वर्कशॉपातले चार सोबती आधीच त्या नादाला लागलेले. दर रविवारी सकाळी पाचही म्हातारे आपापल्या घरी बसून इंटरनेटवर शर्यत लावायचे. भाऊजींची इच्छा एकच, एकदा तरी शेवटचा नंबर चुकावा.

खेळाबरोबर आलेल्या यूएसबीच्या वायरी ऐन वळणावर सुटायच्या. भाऊजींनी त्या काढल्या आणि स्टिअरिंग काय, पेडलं काय, सगळं नेटवर्कच्या केबलनं एका डबीला जोडलं. "यूएसबी म्हणजे पाहुणा हो वहिनी, कधी उठेल नेम नाही. ही केबल म्हणजे घरजावई. एकदा टक् करून बसला की हलायचं नाव नाही!" प्रत्येक टोकाला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं नाव.

"ही लांब जाते का हो?" त्यांच्या बायकोनं, मालूनं विचारलं.

"शंभर मीटर!" भाऊजी छाती फुगवून म्हणाले. तिथेच फसले.

"मग ब्रेक मला स्वयंपाकघरात द्या. चाळीस वर्षं तुमच्या स्कूटरवर मागे बसून हवेतच दाबलाय. आता खरा हवा."

नाही म्हणून सांगतात कोणाला! ब्रेक ओट्याखाली बसला, चिकटपट्टीवर नाव पडलं 'मालू'. मालू पोळ्या लाटायची, पण कान हॉलकडे. इंजिन जरा घोंघावलं की पाय खाली.

"मालू, सरळ रस्ता आहे!"

"कुत्रं येईल मध्ये."

"खेळात कुत्री नसतात गं!"

"बडोद्यात राहून हे मला सांगताय?"

भाऊजी दर रविवारी शेवटचे.

मग मालू भाचीच्या लग्नाला करजणला गेली. भाऊजींनी ब्रेक ओढून स्वतःच्या पायाशी आणला, मला मुद्दाम बघायला बोलावलं. पहिल्याच वळणाला गाडी थेट टायरांच्या ढिगात, चाकं आभाळाकडे! ब्रेक पायाशीच होता हो, पण दाबायचं आठवेना. इतके दिवस तो आपोआपच लागत होता ना. लगेच फोन लावला.

"कधी येतेस?"

"का, जेवला नाहीत?"

"जेवलो गं. वळणं घेता येत नाहीत."

ती यायच्या आत ब्रेक परत ओट्याखाली. त्यानंतर त्यांची हाक बदलली. वळण आलं की "मालू, आता!" आणि एका रविवारी भाऊजी चौथे आले. पाचांत चौथे! अख्ख्या जिन्यात जिलेबी-फाफडा वाटला. विचारणाऱ्याला सांगायचे, "नंबर आमच्या दोघांचा आहे, जोडून वाचा."

दिवाळीनंतर भाऊजी गेले, झोपेतच. दोन महिने पडद्यावर चादर होती.

मग एका रविवारी मालू माझ्या दारात, हातात केबलचं भेंडोळं, काखेत ब्रेक. "सुमन, हा तुझ्या ओट्याखाली ठेव. मी चालवणार आहे."

"अगं, मग तुझ्याच पायाशी ठेव की."

"आपलाच आपण दाबायचा? मग भांडू कोणाशी?"

आता केबल तिच्या हॉलमधून गॅलरीतून माझ्या स्वयंपाकघरात येते. टोकावर भाऊजींच्या अक्षरात अजून 'मालू' आहे, मी ते बदललेलं नाही. मला पडदा दिसत नाही, नुसतं घोंघावणं ऐकू येतं. बाई भाऊजींच्या दुप्पट जोरात चालवते.

"सुमन, पाय काढ! सरळ रस्ता आहे!"

मी दाबतेच. कुत्रं येईल मध्ये.