पेशीच्या काठापर्यंत

ती जिथे संशोधन करी त्याच संस्थेच्या कार्यालयात तिची नणंद कामाला, त्यामुळे प्रयोगशाळेतही तिला सगळे वहिनीच म्हणत. मुलं मोठी होईपर्यंत घरी बसलेली ही बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी आली आणि एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागली: पेशीच्या पडद्यावरची प्रथिनं आत गेली की परत कशी येतात?

"पण नेमकं बघतेस काय गं तू?" डबा खाताना नणंदेने विचारलं.

"प्रथिनं छोट्याशा पिशवीतून आत जातात. तिथे निवड होते. काही मोडीत, काही पुन्हा कामावर. परत जाणाऱ्यांना बाहेर ओढायला पिशवीवर ॲक्टिनचे, म्हणजे पेशीच्या सांगाड्याचे, धागे उभे राहतात, असं माझं म्हणणं."

"म्हणजे आमच्या आईचं कपाट आवरणं! तू मध्ये पडली नसतीस तर माझे चांगले कपडे कधीच पोतेऱ्याला गेले असते."

वहिनी हसली, पण डबा अर्धाच ठेवून उठली. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सकाळीच बजावलं होतं, "तुम्ही पेशींना दिलेल्या औषधाने ॲक्टिन थांबतं, प्रथिनं आत अडकतात, मान्य. पण पेशीच मरत असतील आणि म्हणून ती अडकत असतील तर? औषध धुऊन काढा. प्रथिनं काठाला परतली तर ठीक, नाहीतर हा विषय बंद."

शंका रास्त होती. म्हणूनच जास्त टोचत होती.

औषध धुऊन ती अंधाऱ्या खोलीत बसली. खुणेसाठी रंगवलेली प्रथिनं हिरवी चमकायची, ॲक्टिन लाल. पण चमक दिसायला उजेड टाकावा लागतो, आणि उजेड जास्त झाला की पेशी मरतात. म्हणून यंत्र अधूनमधून क्षणभर उजेड टाकून चित्र घेई, बाकी काळोख. पहिल्या चित्रात हिरवे ठिपके आतच. दुसऱ्यातही आतच.

सुरुवातीपासून मागे उभे असलेले सर पुढे आले. "काय म्हणतंय?" म्हणत त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"सर, नको!" तिने बटणावर तळहातच ठेवला.

"अहो, मी नुसतं बघितल्याने मरणार आहेत का?"

"हो."

सरांनी हात मागे घेतला. पुढचं चित्र उमटलं. ठिपके जागच्या जागी. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अजून एक," ती म्हणाली.

त्या चित्रात एका ठिपक्याच्या अंगाला लाल डाग धरला होता आणि तिथून बारीकशी हिरवी शेपटी निघाली होती. पुढच्या चित्रात शेपटी तुटून सुटी झालेली. त्यानंतरच्या चित्रात पेशीच्या काठावर, अगदी पुसट, हिरवं.

"एकाच पेशीत दिसतंय," सर म्हणाले.

"मेलेली पेशी हे करत नाही, सर."

"नाही करत." त्यांनी स्टूल ओढलं. "बाकीच्यांचं काय?"

"थांबावं लागेल."

"थांबू. पण नव्या पेशींवर सगळं पुन्हा करून दाखवा. तोवर विषय बंद करत नाही."

तिला घोटभर पाणी हवं होतं. पण दार उघडलं की बाहेरचा उजेड आत येणार. ती तशीच बसून राहिली.