अक्का का उठली नाही

"आजी, उठा. वॉकर धरा."

फिजिओथेरपिस्टने तिसऱ्यांदा सांगितलं. माझ्या आजीने, अक्काने, चादर पदरासारखी तोंडावर ओढली आणि भिंतीकडे मान वळवली. तो माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "ही खेड्यातली माणसं अशीच. नाटकं नुसती."

आणि हसला.

मीही हसले.

जळगावातलं हॉस्पिटल. खुब्याच्या ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. चार पावलं टाकली, तर अक्काला खालच्या मजल्यावरच्या पुनर्वसन वॉर्डात घेणार होते. तिथे रोज चालवतात. नाही टाकली, तर घरी.

ती का उठत नाही ते मला माहीत होतं. पलंगाच्या पायथ्याशी आबा बसले होते. आजोबांचे थोरले भाऊ, अक्काचे जेठ. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यासमोर कधी खाटेवरसुद्धा बसली नव्हती. आता अंगावर लुगडं नाही, गुडघ्यापर्यंतचा गाऊन.

"आबा, जरा बाहेर बसता का?" एवढंच म्हणायचं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. इंग्रजी शाळेत मी पहिल्यांदा शिकले ते, लोक हसतील म्हणून घरचं काही बाहेर न बोलणं.

त्याने फाईलमध्ये लिहिलं, पेशंट ऐकत नाही, वॉर्डासाठी योग्य नाही. पप्पांना इंग्रजी येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिव्हलं?"

"घरीच बरं वाटेल म्हणतात," मी म्हणाले.

धरणगावजवळच्या आमच्या गावी ती तीन आठवडे पडून होती. पाठीला जखम झाली. ती पुसताना एकदा ती हळूच म्हणाली, "जेठ बठेल व्हतात ना व माय. मी कशी उठू? तुले माहीत व्हतं." मग म्हणाली, "तू बी हासनी."

मी उठून दार लावलं. माझे खांदे धरून ती उभी राहिली. पाय लटपटत होते, पण राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी परत त्याच हॉस्पिटलात. तोच माणूस. फाईल उघडून इंग्रजीतच म्हणाला, "पेशंट सहकार्य करत नाही अशी नोंद आहे. वॉर्डात घेता येणार नाही."

मी मराठीत बोलले. "समोर तिचे जेठ होते. तुम्ही तिला कारण विचारलं नाही. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. हे दोन्ही लिहा. आणि परत तपासा. बाई पाठवा."

"असं रेकॉर्डमध्ये लिहीत नाहीत, मॅडम."

"लिहा."

डॉक्टर म्हणतात, गेलेले आठवडे भरून निघणार नाहीत. ती कदाचित पाय ओढतच चालेल. त्यातला माझा वाटा मी कुणावर ढकलणार नाही. पण 'पेशंट ऐकत नाही' ही ओळ खोडल्याशिवाय अक्काला घेऊन मी इथून हलणार नाही.