लाइन आल्यावर

त्या लाइनमनचं नाव मी विचारलंच नाही. रामाकोन्याच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यात तो एका दुपारी आला आणि डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, कान टवकारून उभा राहिला. सकाळपासून लाइन येत होती आणि लगेच जात होती. मी तावातावानं म्हटलं, "खांबावर चढा ना भाऊ! झाडं वाळून राहिली."

त्यानं नुसतं बोट वर केलं. लाइन आली, त्या डीपीवरच्या आम्हा सात जणांच्या मोटारी एकदम घुरघुरल्या आणि लाइन गेली. चोर सापडल्यासारखा त्याचा चेहरा फुलला!

"ऑटो कोणाकोणाकडं आहे?"

ऑटो म्हणजे लाइन येताच मोटार आपोआप सुरू करणारी पेटी. शेतात चक्कर नको म्हणून ती सगळ्यांनीच बसवली होती.

तो हसला. "सगळे संगच लोड वढता, तर ट्रिपच होईन ना! लाइन जाऊन नाही राहिली भाऊ, तुम्हीच तिले येऊ देऊन नाही राहिले."

त्यानं सगळ्या पेट्या बंद करवल्या आणि प्रत्येकाच्या स्टार्टरवर खडूनं नंबर लिहिला. लाइन आली. एक नंबरची मोटार लागली, थोड्या वेळानं दोनची. माझा नंबर सात. सहाची मोटार घुरघुरली. बटण दाबलं, लाइन टिकली, पाणी धो धो पडलं आणि मी आनंदानं ओरडलोच! वळून पाहतो तर त्याची फटफटी पार नाल्यापलीकडे गेलेली.

खडू केव्हाच पुसला गेला. सहा नंबरवाल्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण होऊन माझं बोलणं बंद आहे. तरी त्याची मोटार घुरघुरल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.