माझ्या मॅक्रोने शीतलला थांब्यावरच ठेवलं असतं

मंडळी, आज थोडक्यात वाचले!

मी लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामगारांना आणणाऱ्या बसच्या याद्या करते. दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या पाळ्या आणि थांबे एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये कॉपी करण्यात तास जायचा. मागच्या महिन्यात त्यासाठी छोटा मॅक्रो, म्हणजे हे कॉपीचं काम आपोआप करणारा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की यादी तयार! भलतीच खूश होते.

आज प्रिंट काढून ड्रायव्हर सावंतकाकांकडे दिली. ते म्हणाले, "मॅडम, सावर्ड्याचं कोणच नाय यात. मग सोमवारी तिथे गाडी थांबवू नको?"

बघते तर काय! मॅक्रो लिहिताना माणसं चाळीस होती, म्हणून मी त्याला चाळीसच ओळी कॉपी करायला सांगितलं होतं. सावर्ड्याहून एकटीच येणारी शीतल या आठवड्यात मधेच नवीन लागली, तेव्हा तिचं नाव यादीत हातानेच लिहिलं होतं; शीटमध्ये ती एक्केचाळिसावी. पहाटे थांब्यावर ती एकटी उभी, आणि बस समोरून निघून गेली असती.

आता मॅक्रो शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत जातो. काकांचे मनापासून आभार मानले, तर म्हणाले, "अहो, पयल्या दिवशी अर्धा तास आधी येऊन उभी होती ती. कशी विसरेन?"

तुमच्या याद्या असं कोण वाचतं हो?